लाईन थांबवायची कुणी?

१ एप्रिल १९१३ रोजी डेट्रॉइटलगतच्या हायलंड पार्क इथल्या फोर्ड कारखान्यात मॅग्नेटो विभागातल्या कामगारांना आपली कामाची जागाच बदललेली दिसली. प्रत्येकाचं स्वतंत्र टेबल गेलं होतं. तिथे कंबरेएवढ्या उंचीची, नळ्यांची एक लांबलचक चौकट उभी होती आणि तिच्यावर ओळीनं फ्लायव्हील मांडलेली होती. मॅग्नेटो म्हणजे मॉडेल टी गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडायला लागणारी वीज तयार करणारा भाग. फ्लायव्हीलवर व्ही आकाराचे सोळा लोहचुंबक बोल्टनं आवळून तो तयार होई. तोवर एकेक कामगार अख्खा मॅग्नेटो एकट्यानं जुळवत असे. त्याला साधारण २० मिनिटं लागत, आणि नऊ तासांच्या दिवसात हात बसलेल्या माणसाकडून ३५-४० नग निघत. आता प्रत्येकाला सांगितलं गेलं : दोन-तीन चुंबक बसव, किंवा नट नुसता लावून दे, आणि चाक शेजाऱ्याकडे सरकव. एवढंच.

या नव्या मांडणीत २९ माणसांनी नऊ तासांत ११८८ मॅग्नेटो जुळवले. भागाकार केला तर एका नगामागे १३ मिनिटं १० सेकंद. माणसं तीच, हत्यारं तीच. पुढे चौकट आठ इंचांनी वर उचलली, कारण दिवसभर वाकून कामगारांच्या पाठीला रग लागत होती. वेळ सात मिनिटांच्या आसपास आला. पण एक दुखणं उरलंच होतं. चाक हातानं सरकवायचं असल्यामुळे कुणी भराभर ढकलून मोकळा होई, कुणी रेंगाळे, आणि मधल्यांची त्रेधा उडे. म्हणून चाकं साखळीनं ओढायला सुरुवात झाली. मग १४ माणसं आठ तासांत १३३५ नग काढू लागली, म्हणजे नगामागे पाच मिनिटं.

वीस, तेरा, सात, पाच. हे आकडे नेहमी एका दमात सांगितले जातात, पण त्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली बचत श्रमविभागणीची. ती काही फोर्डची नाही, ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचं उदाहरण देऊन ती समजावली होती. दुसरी बचत माणसाच्या पाठीचा विचार केल्यामुळे झाली. तिसरी साखळीची, आणि ती जातीनंच निराळी आहे. साखळीनं कुणाचं काम सोपं केलं नाही. काम किती वेगानं करायचं हे ठरवण्याचा अधिकार तिनं कामगाराच्या हातून काढून घेतला. मंद होता त्याला पळावं लागलं, आणि चपळ होता त्यालाही थांबावं लागलं. असेंब्ली लाईनचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास मला तरी या एका अधिकाराच्या ओढाताणीचा इतिहास वाटतो.

हे १९१३ मध्येच का जमलं, त्याआधी का नाही? साखळ्या होत्या, पट्टे होते. खरी अडचण सुट्या भागांची होती. एका मापाचे म्हणून बनवलेले दोन भाग प्रत्यक्षात थोडे उणे-अधिक भरत, आणि ते एकमेकांत बसवायला कानस घेतलेला कसबी फिटर लागे. फिटरला एखादा भाग घासायला दोन मिनिटं लागतील की वीस, हे सांगता येत नाही. आणि जिथे कामाचा वेळ सांगता येत नाही तिथे साखळी चालवता येत नाही. ही अडचण संपत आली आहे याचा जाहीर पुरावा १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर मिळाला. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या, सगळे भाग एकत्र मिसळले, काही भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले सुटे भाग ठेवले, आणि त्या ढिगातून साध्या पान्या-पेचकसांनी पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस वापरायला मनाई होती. तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि ५०० मैल पळाल्या. त्याच वर्षी मॉडेल टी बाजारात आली.

पट्ट्याची कल्पना कुठून आली हे फोर्डनं १९२२ च्या आपल्या पुस्तकात मोकळेपणानं सांगितलं आहे : शिकागोच्या कत्तलखान्यांतून. तिथे वरच्या रुळावर टांगलेलं जनावर एकेका माणसासमोरून सरकत जाई आणि प्रत्येक जण एकच ठरलेला काप घेई. एका टोकाला अख्खं जनावर, दुसऱ्या टोकाला हाडं. हायलंड पार्कमध्ये हाच प्रवास उलटा झाला. १९१३ च्या उन्हाळ्यापर्यंत चासी एका जागी उभी राही आणि माणसं तिच्याभोवती फिरत. एका चासीला एकूण १२ तास २८ मिनिटांची मेहनत लागे. मग चासीला दोर बांधून ती रहाटानं ओढत नेली, वाटेत ठरलेल्या जागी भाग मांडून ठेवले, आणि मेहनत ५ तास ५० मिनिटांवर आली. दोराची साखळी झाली, कामाचे तुकडे आणखी बारीक झाले, आणि १९१४ च्या वसंतात हा आकडा १ तास ३३ मिनिटांवर येऊन ठेपला. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणाऱ्या मॉडेल टीची सर्वांत स्वस्त आवृत्ती १९२५ मध्ये २६० डॉलरला मिळत होती. १९२७ मध्ये उत्पादन बंद झालं तोवर दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘दर मिनिटाला एक गाडी’ याचा अर्थ एक गाडी एका मिनिटात तयार होते असा नाही. आजच्या कारखान्यात पत्र्याच्या पहिल्या जोडापासून शेवटच्या तपासणीपर्यंत एका गाडीला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. दर मिनिटाला एक गाडी बाहेर पडते, कारण तिच्यामागे शेकडो अर्धवट गाड्या रांगेत असतात.

लाईन चालते कशी, हे दिवाळीत करंज्यांना बसलेल्या चौघी-पाचजणींकडे पाहिलं तर चटकन समजतं. एक लाट्या करते, दुसरी पोळपाटावर पारी लाटते, तिसरी सारण भरून कडा मिटते, चौथी कातण फिरवते, पाचवी तळणीपाशी. घाई कितीही केली तरी करंज्या लाटणारीच्याच वेगानं होणार, कारण सर्वांत वेळखाऊ काम तिचं. कातणवालीनं दुप्पट चपळाई दाखवून एकही करंजी जास्त निघत नाही. उपाय दोनच : लाटायला आणखी एकीला बसवायचं, नाहीतर लाटणारीचं थोडं काम दुसरीकडे द्यायचं. आणि भरलेल्या करंज्या तळणीत जाईपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवतात ना, तो झाला दोन कामांमधला साठा. तळणी थोडी मागे पडली तरी फडक्यामुळे बाकीच्यांचे हात थांबत नाहीत. पण फडक्याखाली ढीग वाढला की करंज्या वाळतात, आणि कडा मिटताना कुणाचा हात चुकतोय हे तळेपर्यंत कळतही नाही.

कारखान्यात हाच हिशेब सेकंदांत मांडला जातो. समजा, शिफ्ट आठ तासांची. चहा-जेवणाची ४० मिनिटं वजा केली की ४४० मिनिटं उरली. शिफ्टला ४४० गाड्या हव्या असतील तर प्रत्येक स्टेशनवर, म्हणजे लाईनवरच्या एकेका कामाच्या जागी, ६० सेकंद. पुण्या-चाकणच्या कारखान्यांत याला टॅक्ट टाइम म्हणतात, आणि लाईनवरचा माणूस घड्याळाकडे न पाहताही तो अंगानं ओळखतो. जोडणीचं एकूण काम १५ तासांचं असेल तर त्याचे मिनिटामिनिटाचे ९०० वाटे पाडायचे. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात कामं मिनिटाच्या मापानं येत नाहीत : एक ४२ सेकंदांचं, पुढचं २५ चं, आणि दोन्ही मिळून ६७. शिवाय क्रमाच्या अटी असतात. छताचं अस्तर लावण्याआधी त्यामागच्या वायरी गेल्या पाहिजेत, डॅशबोर्ड बसल्यावर त्याच्या आतल्या बोल्टपर्यंत हात पोचत नाही. १९५५ मध्ये हे कोडं गणिताच्या भाषेत मांडलं गेलं तेव्हापासून त्यावर शेकड्यांनी शोधनिबंध निघाले. मोठ्या लाईनसाठी सर्वोत्तम वाटणी शोधायची तर शक्यता इतक्या होतात की संगणकही हमखास उत्तर देत नाही; ‘पुरेसं चांगलं’ यावर भागवावं लागतं.

त्यात भर म्हणजे एकाच लाईनवर आज साधं मॉडेल, उद्या सनरूफवालं असं चालत नाही. दोन्ही मिसळूनच येतात. सनरूफच्या गाडीला त्या स्टेशनवर ६० ऐवजी ७५ सेकंद लागतात, साध्या गाडीला ४०. सनरूफच्या तीन गाड्या लागोपाठ आल्या तर माणूस आपल्या हद्दीबाहेर वाहत जातो आणि शेजाऱ्याच्या अंगावर पडतो. म्हणून गाड्यांचा क्रमही आधीच आखलेला असतो. रंगकामानंतर दरवाजे पुन्हा काढून घेण्याची पद्धत अशीच गमतीची वाटते. ते वेगळ्या कन्व्हेयरवर जातात, तिथे त्यांच्या काचा, कुलपं, स्पीकर बसतात, आणि शेवटाकडे ते नेमके आपल्याच गाडीला येऊन मिळतात. दरवाजे नसले की माणसाला गाडीत शिरता येतं आणि कडांवर ओरखडे येत नाहीत.

आता माणसांकडे येऊ. हायलंड पार्कमध्ये उत्पादन वाढत होतं आणि कामगार पळत होते. १९१३ मध्ये कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात ३७० माणसं नेमावी लागत. ५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीनं आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला. आधीचा रोज अडीच डॉलरच्याही आत होता. दुसऱ्या दिवसापासून दारात हजारोंची गर्दी झाली. या निर्णयाला कुणी औदार्य म्हणतं, कुणी स्वतःच्या गाडीला गिऱ्हाईक तयार करण्याची युक्ती. मला तो सरळ सौदा दिसतो : वेगावरचा हक्क कामगारानं सोडायचा, त्याची ही किंमत. शिवाय सौद्याला एक शेपूट होतं. पाच डॉलरमधला मोठा हिस्सा नफ्यातला वाटा म्हणून मिळे आणि तो मिळवायला कामगाराची राहणी कंपनीला पसंत पडावी लागे. ‘समाजशास्त्रीय विभाग’ नावाचं खातं त्यासाठी घरी माणसं धाडून दारू, बचत, स्वच्छता, संसार यांची चौकशी करी.

हा सौदा अर्धशतकभर टिकला, कुरकुरत टिकला. चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ १९३६ चा. त्यातला पाने फिरवत वेडा होणारा कामगार लोकांना ओळखीचा वाटला तो उगाच नाही. सौदा मोडायला आला तो ओहायोतल्या लॉर्ड्सटाउन इथे. जनरल मोटर्सनं तिथे व्हेगा गाडीसाठी तासाला शंभर गाड्यांची लाईन उभारली. शंभर गाड्या म्हणजे एका स्टेशनला ३६ सेकंद. कामगार तरुण होते, अनेक जण व्हिएतनाममधून परतलेले. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांनी २२ दिवसांचा संप केला, आणि तो मुख्यतः पगारासाठी नव्हता. भांडण वेगाचं होतं आणि कमी केलेल्या माणसांचं काम उरलेल्यांवर टाकण्याचं. त्या काळच्या अमेरिकन कारखान्यात एक अलिखित नियम होता : काहीही झालं तरी लाईन थांबवायची नाही. बोल्ट वाकडा बसला? जाऊ दे. पुढे दुरुस्तीचं आवार आहे, तिथे बघतील. लाईनच्या शेवटी बिघडलेल्या गाड्यांची रांग लागे, आणि ती रांग हा उत्पादनाचाच एक भाग मानला जाई.

जपानमध्ये टोयोटानं नेमका हाच नियम उलटवला. त्याचं मूळ मोटारीत नाही, मागात आहे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग सूत तुटलं की आपोआप थांबे. न थांबणारा माग सदोष कापड विणतच राहतो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला माणूस लागतो. थांबणारे अनेक माग एकटी कामगार बाई सांभाळू शकते. ताईची ओनो आधी टोयोटाच्या सूतगिरणीच्या धंद्यात होते. मोटारींकडे आल्यावर त्यांनी हाच विचार माणसांच्या लाईनला लावला. प्रत्येक स्टेशनवर डोक्याच्या वर एक दोरी. काही चुकलं, भाग बसेना, हात मागे पडला, की ओढायची. वरच्या फलकावर त्या स्टेशनचा दिवा लागतो, धून वाजते, आणि गटप्रमुख धावत येतो. एक बारकावा बरेचदा सांगायचा राहतो : दोरी ओढताक्षणी लाईन थांबत नाही. गाडी स्टेशनच्या हद्दीच्या खुणेपर्यंत सरकत राहते, आणि तोवर दोघांना अडचण सुटली नाही तरच लाईन थांबते. बहुतेक वेळा ती सुटते.

ओनोंचा दुसरा हट्ट होता ओलं फडकं काढून टाकण्याचा. दोन कामांमधला साठा जितका कमी, तितकी चूक लवकर उघडी पडते. पुढच्या स्टेशननं मागितलं तरच मागच्यानं बनवायचं, आणि मागणीची चिठ्ठी म्हणजे कानबान. हे ऐकायला काटकसरीचं वाटतं, पण साठा नसला की कुठेही अडलं तर सगळंच अडतं. म्हणून दोष मुळापासून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दोरी आणि हा तुटवडा, दोन्ही एकमेकांवाचून चालणारे नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे याची परीक्षाच झाली. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. २० टक्के माणसं कामावर येत नसत. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो न्युम्मी या नावानं पुन्हा उघडला, बहुतांश जुन्याच कामगारांना आणि त्यांच्या जुन्याच युनियनला घेऊन. फरक एवढाच, की त्यांच्यातल्या अनेकांना जपानला नेऊन शिकवलं आणि हातात दोरी दिली. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ पोचला. जनरल मोटर्सनं ही पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला, तो बराच काळ रखडला. दोरी टांगणं सोपं असतं. ती ओढणाऱ्यावर सुपरवायझरनं खेकसायचं नाही, हे अवघड.

पण टोयोटाची आरती ओवाळण्याआधी सातोशी कामाता यांचं पुस्तकही आठवावं. हा पत्रकार १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून लाईनवर उभा राहिला आणि त्यानं लिहिलेलं चित्र थकव्याचं, सक्तीच्या ओव्हरटाइमचं आणि वाढत जाणाऱ्या वेगाचं आहे. दोरी कामगाराच्या हातात आली. टॅक्ट टाइम आला नाही. थांबवण्याचा हक्क मिळाला, वेग ठरवण्याचा वरच राहिला.

आपल्याकडे या सगळ्याचा एक वेगळा धडा पुण्यात पाहायला मिळाला. टाटांनी इंडिकासाठी निस्सानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा केला आणि जहाजानं पुण्याला आणून पुन्हा उभा केला. गाडी डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली. नव्या यंत्रसामग्रीच्या तुलनेत हे फार स्वस्तात पडलं, आणि लाईन म्हणजे नेमकं काय हेही त्यातून दिसलं. कन्व्हेयर, प्रेस, यंत्रमानव खोक्यांत भरून आणता येतात. कुठल्या स्टेशनवर किती सेकंदांचं काम, कोण कुणाच्या पुढे, कुठला भाग कुठल्या बाजूनं येणार, ही वाटणी खोक्यात येत नाही. ती नव्या गाडीसाठी आणि नव्या माणसांसाठी मुळापासून मांडावी लागते.

साठा न ठेवण्याची किंमत काय, हे टोयोटाला १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे कळलं. आयसिन या पुरवठादाराचा करिया इथला कारखाना आगीत जळाला. तिथे ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह बनत असे : मुठीत मावणारा, स्वस्तातला भाग, पण टोयोटाच्या जवळजवळ प्रत्येक गाडीला लागणारा, आणि जवळजवळ सगळा तिथूनच येणारा. टोयोटाच्या कारखान्यांत काही तासांपुरतेच व्हॉल्व्ह होते. लाईन एकामागून एक थांबल्या. मग जे घडलं ते कुठल्याही आराखड्यात नव्हतं. आयसिननं नकाशे ज्याला हवेत त्याला देऊन टाकले, आणि साठहून अधिक कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर व्हॉल्व्ह कोरायला घेतले. त्यांत शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीही होती. तिनं आधी मोटारीचा भाग कधी बनवलेला नव्हता. आठवड्याभरात बहुतेक लाईन पुन्हा चालू लागल्या.

टोयोटानं त्यानंतरही गोदामं भरली नाहीत. २०११ च्या भूकंपानं चिप बनवणारे कारखाने बंद पाडले तेव्हा मात्र तिनं चिपपुरता अपवाद केला आणि पुरवठादारांना काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. त्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला चिपअभावी जगभरच्या लाईन बंद पडत होत्या तेव्हा टोयोटाच्या बऱ्याच काळ चालू राहिल्या. ऑगस्टमध्ये तो साठाही अपुरा पडला, आणि सप्टेंबरचं जागतिक उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करत असल्याचं कंपनीनं जाहीर केलं. या वेळी दोरी लाईनवरच्या कुणीच ओढलेली नव्हती.